तीन दगडांची चूल



या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांची रांग लागलेली असते. त्या रांगेत 'तीन दगडांची चूल' हे नाव छापलेले पाहून काही जणांनी नाक मुरडले असेल. भगिनीवर्गाला वाटले असेल, की ज्या चुलीपासून सुटण्यासाठी दोन पिढ्या खर्ची पडल्या, तिचे गुणगान ऐकायला कशाला जायचे? आणि सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून गडकिल्ल्यांकडे धावणाऱ्या तरुणांना वाटले असेल, की यात शिकायचे ते काय? काटक्या गोळा कराव्या, काडी लावावी, पातेले ठेवावे, झाले! या दोन्ही पक्षांना मला आज काही सांगायचे आहे. रानात मुक्कामाला जाऊन उघड्यावर स्वयंपाक करणे ही हौस मोठी गोड आहे. पण विस्तवाशी खेळण्याची हौस ज्याला आहे, त्याने विस्तव ओळखला पाहिजे. तो कसा पेटतो, त्याच्यावर अन्न कसे शिजते आणि तो कोठे पेटवू नये, या तीन गोष्टी मी क्रमाने मांडणार आहे. यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची. परंतु पहिल्या दोन समजल्याशिवाय तिसरी पटत नाही, म्हणून ती शेवटी ठेवली आहे.

आधी पेटण्याची गोष्ट. आपण म्हणतो लाकूड जळते. नीट पाहिले तर लाकूड तसे थेट जळत नाही. ते तापले, की त्यातून वायू निघतात. हे वायू हवेशी मिळून पेटतात, तो जाळ. वायू निघून गेल्यावर मागे कोळसा उरतो आणि तो धुमसत लाल होतो, तो निखारा. आणि जे वायू पेटण्याइतके तापलेच नाहीत, ते तसेच निसटतात, तो धूर. म्हणजे धूर हे न जळलेले जळण आहे. जी चूल डोळ्यांत पाणी आणते, ती तुमचे सरपणही फुकट घालवीत असते.

आता ओले लाकूड का पेटत नाही, हे आपोआप कळेल. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. तेव्हा ओली मोळी चुलीत घालणारा मनुष्य आधी ती मोळी उकडतो आणि मग उरलेल्या उष्णतेवर भात शिजवू पाहतो. चूल थंड राहते, वायू पेटत नाहीत आणि सगळी मंडळी डोळे चोळीत बसतात. जिवंत झाडाची फांदी तोडणे हे पाप तर आहेच, पण शिवाय तो मूर्खपणाही आहे. मोडताना 'कट्' असा आवाज करणारी, आपोआप गळून पडलेली, वाळलेली काटकी तेवढी चुलीच्या कामाची.

किती जळण लागते, याचा हिशोब करून पाहू. पाच माणसांच्या खिचडीला आणि चहाला मिळून पाच लिटर पाणी धरा. ते २५ अंशांवरून उकळीला आणायला ३७५ किलोकॅलरी लागतात. एक किलो चांगल्या वाळलेल्या लाकडात ढोबळ मानाने चार हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे दीड-दोन छटाक लाकडात काम व्हायला हवे! प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण उघड्या तीन दगडांच्या चुलीवर शंभरातला दहा-पंधरा भागच पातेल्याला मिळतो. बाकीची उष्णता वाऱ्याला, दगडांना आणि आकाशाला जाते. हा तोटा धरूनही त्या पाण्याला उकळी यायला किलोभर लाकूड पुरते, आणि पुढे मंद आचेवर शिजायला आणखी किलोभर. दोन किलो, फार तर तीन. आणि रानात मुक्कामाला गेलेल्या मंडळींचा ढीग पाहा! कंबरेइतका असतो. त्यातले स्वयंपाकाला दोन किलो लागतात, बाकीचे जळते ते शोभेसाठी. ही शोभा आपल्याला फार महाग पडते आहे, ते पुढे सांगेन.

चुलीला दगड तीनच का? चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगते, पण तिवई कधी डुगडुगत नाही. तीन टेकूंवर कोणतेही भांडे स्थिर बसते, मग दगड वेडेवाकडे का असेनात. शिवाय तीन दगडांमध्ये तीन तोंडे उरतात. एकातून जळण आत सारायचे आणि बाकीच्या दोहोंतून हवा खेळते. दगड आणायचे ते कोरड्या जागेवरचे. ओढ्याच्या पात्रातला ओला, सच्छिद्र दगड चुलीला लावू नये. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पुष्कळ ठिकाणी छिद्रे असतात. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर दगड तडकून त्याच्या कपच्या उडतात. स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड नेमके त्याच उंचीवर असते.

चुलीचे तोंड वाऱ्याकडे करावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण डोंगरातला वारा दिवसातून दोनदा कूस बदलतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. दिवसा उतार तापतो आणि वारा दरीतून वर चढतो. सूर्य मावळल्यावर उतार निवतो आणि गार हवा वरून खाली सरकू लागते. सायंकाळी पाच वाजता नीट मांडलेली चूल आठ वाजता सगळा धूर तुमच्या तोंडावर फेकते, ती यामुळे. रात्रीचा स्वयंपाक असेल, तर चूल रात्रीच्या वाऱ्याला धरून मांडावी.

जळणाचीही जात असते. बाभळीचा निखारा कडक आणि टिकाऊ. सावर, पांगारा यांचे लाकूड हलके. ते भुर्रकन जळते आणि मागे काही उरत नाही. वाळलेल्या कारवीच्या काड्या पेटवणाला उत्तम, पण त्यांवर भरवसा ठेवून डाळ चढवू नये. आणि काही झाडे चुलीपाशी फिरकूच देऊ नयेत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिची काटकी जाळायला नको, डाव म्हणून ढवळायला नको, की कांदे टोचून भाजायला नको. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यांचा वैरी. ज्या झाडाची ओळख नाही, त्याचे लाकूड अन्नाखाली घालू नये, हा साधा नियम.

आता शिजवण्याकडे वळू. नवशिक्या माणसाचा समज असा असतो, की मोठा जाळ म्हणजे लवकर स्वयंपाक. जाळाचे काम एवढेच, की पाण्याला उकळी आणणे. एकदा उकळी आली, की पुढे कितीही जाळ घाला, पाणी त्याहून अधिक तापत नाही. ते नुसते आटते, आणि अन्न तळाला लागते. म्हणून जुन्या सुगरणी उकळी येताच लाकडे मागे ओढीत आणि पातेले निखाऱ्यावर, नाहीतर चुलीच्या शेजारच्या वैलावर सरकवीत. रानात वैल नसतो, पण निखारे बाजूला ओढून दोन दगडांत वैल करता येतो. निखाऱ्याचा ताप किती, हे पाहायला तळहात त्यावर वीतभर उंच धरावा आणि मनात आकडे मोजावे. दोन-तीनलाच हात मागे घ्यावा लागला, तर आच कडक, भाकरीच्या तव्याला योग्य. सहा-सातपर्यंत टिकला, तर मंद, भात मुरायला योग्य. एवढ्या साध्या युक्तीने करपलेल्या तळाचे निम्मे दुःख टळते.

उंचीचाही हिशोब ठेवावा लागतो. तीनशे मीटर वर चढले, की पाणी साधारण एक अंश अलीकडेच उकळते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. तेथे पाणी ९५ अंशांच्या आतबाहेर उकळून जाते. घरच्या प्रेशर कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास तापलेले असते. ज्या तुरीच्या डाळीला घरी तीन शिट्ट्या लागतात, ती गडावर उघड्या पातेल्यात किती वेळ घेईल, याचा विचार करा. म्हणून रानातली डाळ मुगाची, नाहीतर मसुराची. तीही सकाळी निघताना डब्यात भिजत घालावी आणि दिवसभर पाठीवर वाहावी. संध्याकाळपर्यंत ती अर्धी शिजल्यासारखी होते आणि अर्धे जळण वाचते. खिचडीला उकळी आल्यावर पंधरा मिनिटे शिजू द्यावी, मग झाकण घट्ट बसवून पातेले खाली उतरवावे आणि घोंगडीत गुंडाळून ठेवावे. ती आपल्या उष्णतेवर पुरी होते. घोंगडी हे तुमचे दुसरे जळण आहे.

भांडे चढवण्यापूर्वी त्याला बाहेरून ओल्या राखेचा नाहीतर मातीचा हात फिरवावा. काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघून येते. आपल्या आज्या हे रोज करीत. कल्हई केलेले पितळी पातेले नेले असेल, तर ते रिकामे जाळावर ठेवू नये. कथील २३२ अंशांवर वितळते. आत पाणी आहे तोवर कल्हई सुरक्षित; रिकाम्या पातेल्याची कल्हई मात्र उघड्या जाळावर बघता बघता ओघळते.

रानातला बेत कसा असावा? पिठले-भाकरीची जोडी रानात उगीच प्रिय झालेली नाही. बेसन दहा मिनिटांत शिजते, त्याला फारसे जळण लागत नाही. पिठले होते तोवर निखारे पडतात आणि ते भाकरीला मिळतात. भाकरी आधी तव्यावर शेकते, पाणी सुकल्यावर उलटते आणि शेवटी निखाऱ्यांशी उभी राहून फुगते. त्याच राखेत कांदे, बटाटे, वांगे सरकवून द्यावे. म्हणजे एकाच विस्तवाच्या चार अवस्था, चार पदार्थांना. ज्याने बेत असा लावला, त्याला विस्तवाचा उतार वाया जाऊ न देण्याची कला साधली.

ही कला आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्राच्या तीन भागांत उघड्यावर रांधण्याच्या तीन रीती चालत आल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक एकेक धडा देते.

पहिली रायगड जिल्ह्यातली, अलिबागकडची पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. वर शेंगा, बटाटे, कोणाच्या आवडीप्रमाणे अंडी नाहीतर कोंबडी, मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवतात. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते आणि तीच सगळे शिजवते. अर्ध्या-पाऊण तासात मडके उघडले, की जो वास सुटतो त्याचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी करीत नाही; सभेची वेळ जेवणाची आहे. पोपटीचा धडा असा, की वाफ कोंडून ठेवली तर थोड्या विस्तवात पुष्कळ काम होते.

दुसरी रीत नगर, सोलापूर, मराठवाड्याकडची, हुरड्याची. ज्वारीचा दाणा दुधाळपणा सोडून जरा घट्ट होऊ लागतो, ते दिवस एका शेतात मोजकेच असतात. शेतात खळगा करून गोवऱ्यांची आगटी लावतात. गोवरी जाळ थोडा करते, पण तिचा आर फार वेळ टिकतो. त्या आरात कणसे खुपसायची, भाजली की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि तिळाच्या नाहीतर लसणाच्या चटणीशी खायची. हुरड्याला भांडेच लागत नाही. धडा असा, की विस्तवाला वेळ कळली पाहिजे. कणीस मिनिटभर जास्त राहिले तर लाही होते आणि कमी राहिले तर कच्चे.

तिसरी रीत विदर्भातली, रोडग्यांची. कणकेचे पदर घडी करून घट्ट गोळे वळतात आणि गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. वरून काळा, आतून पदर सुटलेला रोडगा फोडून त्यावर तूप, शेजारी वांग्याची भाजी आणि वरण. देवळाच्या आवारात नाहीतर शेतात पंगतच्या पंगत यावर उठते. रोडग्याचा धडा धीराचा. घाई केली, की बाहेर कोळसा आणि आत कणीक.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. त्या शेतात होतात, वाडीत होतात, देवळाच्या पटांगणात होतात. जागा मालकीची किंवा गावाची, जमीन नांगरलेली किंवा झाडलेली, शेजारी विहीर आणि भोवती माहितगार माणसे. आणि तिन्हींत विस्तव लहान आहे. आपल्या पूर्वजांनी उघड्यावर रांधण्याचा आनंद पुरेपूर घेतला, पण त्यासाठी जंगलाच्या पोटात शिरून होळी पेटवली नाही.

येथे मला आधी भगिनीवर्गाच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. तीन दगडांची चूल ही आपल्याला एका रात्रीची मौज असते. परंतु अगणित बायकांनी तिच्यापुढे जन्म काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुरासारख्या प्रदूषणामुळे एकट्या २०२० सालात जगभर ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत बायका आणि मुले किती असतील, हे सांगायला नको. चुलीपाशी बसते कोण? आपल्या देशात उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोचला, तरी भरलेला सिलिंडर परवडत नाही म्हणून अजून चूल पेटते अशी घरे डोंगरकपारीला आहेतच. तेव्हा चुलीवरच्या जेवणाची चव काही न्यारीच, असे म्हणताना, ती चव कोणाच्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या मोलाने टिकली, एवढे मनात असू द्यावे. सहलीला गेल्यावर पुरुषमंडळींनी फुंकणी हाती घ्यावी आणि तासभर चुलीपुढे बसावे. हे शिक्षण कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

त्याच घरांशी आपल्या सरपणाचाही संबंध आहे. गडाच्या वाटेवर रचून ठेवलेला लाकडांचा ढीग बेवारशी नसतो. कोणीतरी उन्हाळाभर डोक्यावर वाहून आणलेली ती पावसाळ्याची बेगमी असते. शेताचे कुंपण, गोठ्याचा वासा, देवळाची जुनी तुळई ही सरपणे नव्हेत. देवराईत तर पडलेले पानही उचलू नये. पुष्कळ गावांत वाळके लाकूडसुद्धा देवाचे समजतात, आणि त्या समजुतीनेच ती झाडे आजवर वाचली. पायथ्याच्या वाडीतल्या एखाद्या घरी सांगून, रास्त पैसे देऊन पिठले-भाकरी खाल्ली, तर तुमचे जेवण होते, त्या घराला चार पैसे मिळतात आणि रानातले लाकूड रानात राहते. यात साहस उणे होत असेल, तर होवो.

आता तिसरी आणि खरी गोष्ट. विस्तव कोठे पेटवू नये?

आपण वसंतात येथे जमलो आहोत. कवींचा वसंत आंब्याच्या मोहराचा आणि कोकिळेचा. डोंगराचा वसंत मात्र वणव्याचा. पावसाळ्यात छातीइतके वाढलेले गवत माघ-फाल्गुनापर्यंत कोळून जाते. कारवी वाळून खडखडते. पानगळीने जमीन झाकलेली असते. दुपारचा वारा वर चढत असतो, आणि आग उताराच्या दिशेने वरवर जास्त वेगाने पळते, कारण वरचे गवत तिच्या तापाने आधीच भाजून तयार झालेले असते. अशा वेळी एक ठिणगी उडाली, तर डोंगराची धार रात्रभर जळताना खालच्या गावांतून दिसते. लांबून ती दिव्यांच्या माळेसारखी सुंदर दिसते. जवळून पाहिले, तर जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, सशांची पिले, नुकती डोके वर काढलेली रोपे आणि गावाचे वैरण त्या माळेत जळत असते. पुढच्या पावसाळ्यात उघडी पडलेली माती ओढ्याला लागते आणि धरणात जाऊन बसते.

वणवे सगळे सहलकरीच लावतात, असे मी म्हणत नाही. गवत चांगले उगवावे या समजुतीने मुद्दाम लावलेले असतात, विडीच्या थोटकाचे असतात. पण आपल्या वाट्याचे जे असतील, ते तरी आपण टाळू शकतो. आणि येथेच एका चुकीच्या समजाचा मला समाचार घ्यायचा आहे. मुक्काम हलवताना पुष्कळ मंडळी चुलीवर माती लोटतात, वर दोन दगड ठेवतात आणि विस्तव विझला असे मानून चालू लागतात. श्रोतेहो, काडेपेटी महाग होती त्या काळी आपल्या पणज्या रात्री काय करीत? निखारे राखेखाली पुरून ठेवीत! पहाटे राख बाजूला सारली, की लाल निखारा तयार असे. वर दोन काटक्या, एक फुंकर, आणि चूल पेटे. म्हणजे विस्तव जिवंत ठेवण्याची जी युक्ती, तीच आपण तो विझवण्याची म्हणून वापरतो! झाकलेल्या निखाऱ्याला हवा थोडी मिळते, म्हणून तो सावकाश जळतो आणि म्हणूनच जास्त टिकतो. जमिनीत वाळकी मुळी असली, तर तिच्यातून धुमसत तो हातभर पलीकडे जातो. तुम्ही घरी पोचून अंघोळ केलेली असते, तेव्हा दुपारचा वारा त्याला शोधून काढतो.

विस्तव विझवायचा तो पाण्याने. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, पुन्हा ढवळावे. चर्र आवाज थांबेपर्यंत हे चालावे. शेवटी हाताची पाठ राखेजवळ न्यावी, आणि गार वाटली तर बोटे राखेत घालून पाहावी. जेथे हात घालायला मन धजत नाही, तो विस्तव विझलेला नाही. आणि इतके पाणी जवळ नसेल, तर तेथे विस्तव पेटवायचा नव्हता, हे उघड आहे. जेवण्यापुरते आणि विझवण्यापुरते असे दोन हिशोब पाण्याचे आधी करावे, मगच काडी ओढावी.

कायदाही हेच सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा. त्याच्या २६व्या कलमाप्रमाणे राखीव वनात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा आहे, आणि वनाधिकाऱ्याने मोकळीक दिलेल्या हंगामाखेरीज तेथे विस्तव बाळगण्यासही मनाई आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांनाही असेच संरक्षण दिले आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांत, मग तो गड असो की लेणे, १९५९च्या नियमांप्रमाणे नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांतले राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी यांच्यासह अकरा आपल्या राज्यात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ज्या तटांनी तोफा सोसल्या, त्यांच्या कोनाड्यात आपल्या मॅगीची काजळी बसावी, हे काही शोभत नाही. गुहेत आणि लेण्यात विस्तव तर कधीच नको. तेथला धूर छताला चिकटतो, तो जात नाही. कड्याजवळ नको, कारण धुराने आग्या मोहोळ उठते, आणि कड्यावर माणसाला पळायला जागा नसते. आणि खरकटी भांडी टाक्यात बुडवू नयेत. मागून येणारा तहानलेला मनुष्य तेच पाणी पिणार असतो.

मग रानात गेलेल्या माणसाने खावे काय? आपल्या आयाबायांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. प्रवासाचे अन्न म्हणजे विस्तवावाचून खाता येणारे अन्न, ही आपली परंपरा. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, ठेचा, सातूचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, भडंग. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी कालवले, की जेवण झाले. गरम चहावाचून चालतच नसेल, तर लहानसा स्टोव्ह न्यावा, तोही कायदा परवानगी देईल तेथेच आणि गवतापासून दूर, मोकळ्या कातळावर. जेथे काहीच पेटवू नये, तेथे काहीच पेटवू नये.

आणि चूल? तिची हौस जरूर पुरवा, कारण ती शिकण्यासारखी आहे. ओळखीच्या शेतात, आंबराईच्या बाहेर, नदीच्या कोरड्या वाळूत, गावाच्या पटांगणात, मालकाला विचारून. भोवतीचा पाचोळा चार-पाच हात झाडून उघडी माती काढा, बादलीभर पाणी शेजारी भरून ठेवा, वारा सुटला असेल तर बेत रद्द करा. मुलांना बरोबर न्या. त्यांना काटक्या वेचायला लावा, ओली आणि वाळकी कोणती हे कानाने ओळखू द्या, फुंकणी मारू द्या, निखाऱ्यावर तळहात धरून आकडे मोजू द्या. घरी कळ फिरवली की निळी ज्योत येते, तिच्यामागे किती जमीन, किती खनिज, किती श्रम आहेत, हे त्या मुलाला दिसत नाही. तीन दगडांच्या चुलीवर प्रत्येक काटकी त्याने स्वतः वाकून उचललेली असते. एका खिचडीला दोन किलो लाकूड लागले, हे एकदा त्याच्या पाठीला कळले, की पुढे तो कोणतेच जळण उधळणार नाही.

माणसाने विस्तव ताब्यात घेतला त्याला लाखो वर्षे झाली, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण ताबा म्हणजे पेटवता येणे एवढेच नव्हे. पेटवता तर वीजही येते आकाशातल्या ढगाला. लहान ठेवता येणे, पुरे झाला म्हणजे थांबवता येणे आणि नको तेथे न पेटवता येणे, याला ताबा म्हणतात. उद्या आपण कोठे मुक्कामाला गेलात आणि चूल मांडलीत, तर निघताना दगड जागच्या जागी ठेवा, गार राख पांगवा आणि एकदा मागे वळून पाहा. तेथे कोणी जेवून गेले असे ओळखू येणार नसेल, तर स्वयंपाक उत्तम झाला असे समजा.